‘नाकात पाणी गेलं होतं का?’ : अमीबाच्या मेंदूज्वराचं निदान कसं होतं आणि का राहून जातं

काचपट्टी

कुठेतरी एखादं मूल तळ्यात पोहून येतं, आठवड्याभरात दगावतं, मग ‘मेंदू खाणारा अमीबा’ अशी बातमी येते, दोन दिवस सगळे हादरतात आणि विषय मागे पडतो. आजार किती भयंकर आहे ते सगळे लिहितात, पण तो ओळखतात कसा आणि ओळखायचा राहून का जातो हे कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. मी एकोणीस वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांचं इथले डॉक्टर लिहितीलच, मी माझ्या टेबलावरचं सांगते.

आधी नावांचा घोळ मिटवू. ज्यांना जगायला माणसाचं शरीर लागतच नाही, माती-पाण्यात बॅक्टेरिया खाऊन राहतात असे अमीबा ढिगाने आहेत. त्यातले मेंदूपर्यंत पोचणारे मुख्य तीन : नेग्लेरिया फाउलेरी, अकँथअमीबा आणि बॅलॅमुथिया. आव पडते तो पोटातला अमीबा वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.

नेग्लेरियाचा आजार फार झपाट्याचा. हा कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढतो, ४६ अंशांपर्यंत तग धरतो, पाणी जोरात नाकात शिरलं तर वासाच्या नसांवरून वर सरकत कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत जातो. पाणी प्यायल्याने होत नाही, माणसाकडून माणसाला होत नाही. पाणी नाकात गेल्यापासून १ ते १२ दिवसांत, बहुतेकदा पाचेक दिवसांत डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं सुरू होतं आणि तिथून पुढे साधारण पाच दिवसांत माणूस जातो. म्हणजे निदानाला हातात दिवस नसतात, तास असतात. बाकीच्या दोघांचं उलटं, तो आजार आठवडे-महिने रेंगाळतो, त्यावर नंतर येऊ.

आता हे. नेग्लेरियासाठी पहिली टेस्ट काय आहे माहितेय? पाठीतून काढलेल्या पाण्याचा, म्हणजे सीएसएफचा, एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. वेट माउंट. एवढंच. यंत्र नको, किट नको. पण थेंब ताजा हवा, कोमट हवा आणि बघणाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं हवं की अमीबा शोध. या तीनपैकी एक जरी चुकलं तरी हातातलं निदान निसटतं.

माझ्या हातून ते निसटलंय असं मला वाटतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी सीएसएफची ट्यूब आली, गढूळ, फॉर्मवर नुसतं ‘मेनिंजायटिस?’ (म्हणजे मेंदूच्या आवरणांना सूज) लिहिलेलं. कुणीतरी ती फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी माझ्याकडे आली. पांढऱ्या पेशी हजारांनी, जवळजवळ सगळ्या न्यूट्रोफिल (पुवात असतात त्या पांढऱ्या पेशी), ग्रॅम स्टेन म्हणजे बॅक्टेरिया दिसावेत म्हणून द्यायचा रंग, तो केला, एकही बॅक्टेरिया नाही. मी रिपोर्ट लिहिला : ‘पस सेल्स भरपूर, जंतू आढळले नाहीत.’ रिपोर्ट शब्दशः बरोबर होता. पेशंट पोरगा होता, तिसऱ्या दिवशी गेला. आठवड्याने वॉर्डमधल्या सिस्टरकडून कळलं की तो सुट्टीत रोज डुंबायला जायचा.

फ्रिजमध्ये ठेवलं की हे अमीबा मरतात किंवा गोळा होऊन निपचित पडतात, मग ते पांढऱ्या पेशीसारखेच दिसतात, आकारही जवळपास तेवढाच, १० ते २५ मायक्रॉन. काउंटिंग चेंबरमध्ये आपण त्यांना पांढऱ्या पेशी म्हणून मोजून मोकळे होतो. ग्रॅम स्टेनसाठी स्लाइड गरम करून पक्की करतो त्यात तर त्यांचा पार चेंदा होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा खरंच दिसले, तेव्हा ट्यूबसोबत रेसिडेंट डॉक्टर स्वतः धावत आली होती आणि दारातूनच म्हणाली, ‘ताई, हा तळ्यात पोहलाय, लगेच बघता का?’ कंडेन्सर खाली घेतला, उजेड कमी केला, ४० च्या लेन्सखाली आधी सगळा राखाडी गोल पेशींचा सडा. मग एकाच जागी नजर रोखून बसायचं, स्लाइड हलवायची नाही. एक गोळा एका बाजूने फुगला, फुगवटा काचेसारखा स्वच्छ, मग आतले दाणे त्या फुगवट्यात घरंगळत गेले, मागचा भाग ओढला गेला, आणि मिनिटभरात तो शेजारच्या लाल पेशीपासून बराच लांब गेलेला. पांढऱ्या पेशीही हलतात पण इतक्या मंद की बघत राहिलं तरी कळत नाही. हा मात्र गोगलगायीसारखा निघालेला असतो, कुठेतरी जायचंय असा. मी खुर्चीतून उठून ओरडलेच.

---

घरटं

बापरे, वाचून अंगावर काटा आला. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, गेल्या रविवारी तळ्यावर पोहायला नेलं होतं आणि कालपासून त्याला ताप आहे, डोकं दुखतंय म्हणतो, सर्दीपण आहे. मी आता काय करू, लगेच ती पाठीतल्या पाण्याची टेस्ट करून घेऊ का?

---

काचपट्टी

घरटं, आधी एक श्वास घ्या. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे, अमेरिकेत १९६२ ते २०२३ या सगळ्या वर्षांत मिळून १६४ केसेस नोंदल्या गेल्या आणि तिथे दरवर्षी कोट्यवधी लोक तळ्या-नद्यांत उतरतात. सर्दीबरोबर ताप-डोकेदुखी म्हणजे बहुतेक वेळा साधा व्हायरल. पण त्याला आजच डॉक्टरांना दाखवा आणि ‘गेल्या रविवारी तळ्यात पोहलाय’ हे न विचारता सांगा, नाकात पाणी गेलं असेल तर तेही. पाठीतलं पाणी काढायचं की नाही ते त्याला तपासून ठरवतील, ते आपण फोरमवर ठरवायचं नाही. मान पुढे वाकवता येत नसेल, उलट्या थांबत नसतील, उजेड सहन होत नसेल, मुलगा असंबद्ध बोलत असेल, झोपेतून नीट जागा होत नसेल, झटका आला तर एक मिनिट न थांबता इमर्जन्सीत जायचं. मग अमीबा असो नसो, ही सगळी मेंदूज्वराची लक्षणं आहेत.

---

रात्रपाळी

आयसीयूत काम करतो. काचपट्टी यांनी लिहिलंय त्याला जोड म्हणून आमच्या बाजूचं.

पेशंट समोर आल्यावर नेग्लेरिया आणि साधा बॅक्टेरियल मेनिंजायटिस यात तपासून फरक करता येत नाही. दोन्हीत ताप, डोकेदुखी, आखडलेली मान. काहींना सुरुवातीला वास किंवा चव वेगळी लागते, तेही विचारलं तरच सांगतात. सीटी स्कॅन सुरुवातीला नॉर्मल असू शकतो, नंतर मेंदूला सूज दिसते. सीएसएफही तसाच : दाब वाढलेला, न्यूट्रोफिल भरपूर, साखर कमी, प्रोटीन जास्त, बऱ्याचदा लाल पेशीही. फरक फक्त एवढाच की ग्रॅम स्टेन कोरा. आणि ग्रॅम स्टेन कोरा आला की आपण काय म्हणतो? आधी कुठे अँटिबायोटिक दिलं असेल, म्हणून बॅक्टेरिया दिसत नसतील. नव्याण्णव वेळा ते खरंही असतं. शंभराव्या वेळी इथेच घात होतो.

म्हणून मी ज्युनियर्सना एकच गोष्ट घोकायला लावतो : पू आहे, बॅक्टेरिया नाही, मग पाण्याचं विचारलं का? नदी, तळं, गरम पाण्याचे झरे, क्लोरिन न टाकलेला पूल, नाक धुणं, सगळं, मागच्या दोन आठवड्यांतलं. आणि लॅबला फोन करा. फॉर्मवर लिहून भागत नाही, फोन करा.

अँटिबायोटिक थांबवायचं नाही, ते पहिल्या तासात द्यायचंच, कारण बॅक्टेरियल मेनिंजायटिस कितीतरी जास्त कॉमन आहे. पण वेट माउंटमध्ये हलणारे अमीबा दिसले किंवा संशय दाट असला तर पीसीआरची (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) वाट न बघता ॲम्फोटेरिसिन बी, मिल्टेफोसिन, रिफॅम्पिसिन, फ्लुकोनॅझोल, ॲझिथ्रोमायसिन असा मारा सुरू करायचा, सोबत डेक्सामेथासोन आणि मेंदूचा दाब उतरवायचे सगळे उपाय. मिल्टेफोसिन म्हणजे काळा आजारावरचं औषध, आणि ॲम्फोटेरिसिन बुरशीवरचं.

वेळेने काय फरक पडतो ते २०१३ च्या दोन केसेसमध्ये दिसतं. अमेरिकेत आर्कान्सामधली १२ वर्षांची मुलगी, आजारी पडल्यापासून साधारण ३० तासांत निदान, ३६ तासांच्या आत उपचार, मेंदूची सूज आवरायला शरीराचं तापमान उतरवलं, पूर्ण बरी होऊन शाळेत गेली. त्याच वर्षी ८ वर्षांचा एक मुलगा, औषधात मिल्टेफोसिन त्यालाही मिळालं, पण लक्षणं सुरू होऊन बरेच दिवस झाल्यावर, आणि तापमान उतरवण्याचा उपाय केला गेला नाही. जीव वाचला पण मेंदूला इजा राहिली. दोनच केसेसवरून सगळं सिद्ध होत नाही हे मान्य, पण मी तरी घड्याळ बघतो.

आणि २०२४ च्या जुलैत केरळमध्ये १४ वर्षांचा मुलगा वाचला, तिथेही निदान लवकर झालेलं.

---

सरळरेषा

सगळं वाचलं. मनापासून विचारतोय, राग मानू नका. १६४ पैकी ४ वाचले, म्हणजे ९७ टक्क्यांहून जास्त मृत्यू. मग एवढ्या दुर्मिळ आणि जवळजवळ असाध्य आजारासाठी प्रत्येक लॅबने, प्रत्येक डॉक्टरने ही सगळी सावधगिरी पाळायची, पालकांनी भीतीत राहायचं, याने नेमकं कुणाचं भलं होतं? निदान झालं काय नि नाही काय, शेवट तोच ना.

---

पॅराफिन

सरळरेषा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मेंदूच्या बायोप्सी आणि पोस्टमॉर्टेमचे तुकडे बघतो. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर इतिहासातच आहे, जरा लांबण लागेल.

तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात उस्ती नाद लाबेम नावाचं शहर. १९६२ ते १९६५ या काळात तिथे १६ जण मेनिंजायटिसने गेले. सगळे एकाच बंदिस्त जलतरण तलावात पोहलेले. तेव्हा हे कुणालाच कळलं नाही, तलाव चालूच राहिला, पुढच्या वर्षी पुन्हा मुलं पाण्यात उतरली. जपून ठेवलेले मेंदूचे तुकडे नंतर मायक्रोस्कोपखाली पुन्हा काढले तेव्हा अमीबा दिसले, आणि १९६८ साली चेर्व्हा आणि नोव्हाक यांनी ते जगासमोर मांडलं. पुढे त्याच तलावाच्या भिंतीमागच्या पोकळीत हाच अमीबा सापडला. पहिल्याच मृत्यूचं निदान झालं असतं तर उरलेले पंधरा? मला हा प्रश्न सुटत नाही. एकाचं निदान त्या पेशंटला उपयोगी पडलं नाही तरी त्याच पाण्यात उद्या उतरणाऱ्यांना पडतं.

आजार सापडला तोही असाच. १९५८ च्या सुमाराला क्लायड कल्बर्टसन पोलिओच्या लसीसाठीच्या पेशी तपासत होते, त्यात एक अमीबा घुसलेला सापडला, तो उंदरांना टोचला तर उंदीर मेंदूच्या आजाराने मेले. माणसालाही असं होऊ शकेल हे तेव्हाच त्यांनी सुचवलं होतं. १९६५ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये माल्कम फाउलर आणि कार्टर यांनी माणसातले रोगी पहिल्यांदा नोंदवले. गंमत नव्हे, मला फार शिकवून जाणारी गोष्ट म्हणजे त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘बहुधा अकँथअमीबा’ असं लिहिलं होतं. खुद्द शोधणाऱ्यांनाही नेमका कोण ते कळायला वेळ लागला, नेग्लेरिया फाउलेरी हे नाव १९७० साली आलं. आणि हा आजार नवा अजिबात नाही, अमेरिकेत व्हर्जिनियात जुने पोस्टमॉर्टेमचे तुकडे काढून बघितले तर १९३७ सालची केस निघाली. इतकी वर्षं तो कपाटात काचेवर पडून होता.

दक्षिण ऑस्ट्रेलियात सगळेच रोगी तळ्यात पोहलेले नव्हते. लांबून जमिनीवरून आणलेल्या पाइपांत पाणी उन्हाने तापायचं आणि त्यात अमीबा वाढायचा. निदान झालं म्हणून पाइपांकडे लक्ष गेलं आणि पाण्यातल्या क्लोरिनची नीट व्यवस्था लागली. हे भलं नाही तर काय?

---

सरळरेषा

उस्तीचं माहीत नव्हतं. माझा शब्द मागे घेतो. पंधरा जण.

---

पाऊलखुणा

हा धागा वाचताना हात थरथरतोय. माझ्या आत्तेभावाचं असंच झालं पण ते चार महिने चाललं. आधी गालावर नाकाजवळ एक लालसर कडक चट्टा, न दुखणारा, मलमं लावली. मग दोन महिन्यांनी एका हाताची ताकद गेली, एक झटका आला, एमआरआयमध्ये कडेने चमकणाऱ्या गाठी दिसल्या, टीबीच्या गाठी असतील म्हणून टीबीची औषधं आणि सोबत स्टेरॉइड सुरू केलं, आठवडाभर जरा बरं वाटलं आणि मग एकदम खालावला. शेवटी मेंदूची बायोप्सी केली, त्यात बॅलॅमुथिया आला, पण तोवर फार उशीर झाला होता. कुणालाच दोष द्यायचा नाहीये, सगळ्यांनी जीव तोडून केलं. पण मला आजही कळत नाही की चट्टा होता तेव्हा कुणाला कळू शकलं असतं का?

---

पॅराफिन

पाऊलखुणा, फार वाईट वाटलं. खोटा दिलासा देणार नाही, खरं तेच लिहितो.

हो, त्या चट्ट्याची बायोप्सी झाली असती आणि बघणाऱ्याच्या डोक्यात बॅलॅमुथिया असता तर कळण्याची शक्यता होती. पेरूमध्ये हे रोगी जास्त दिसतात, चेहऱ्याच्या मध्यावर असा चट्टा आधी येतो आणि मेंदूचा त्रास आठवडे-महिन्यांनी, हे तिथल्या डॉक्टरांनी चांगलं नोंदवून ठेवलंय. पण ज्याने हे आयुष्यात पाहिलं नाही त्याला तो चट्टा टीबीचा, बुरशीचा, काहीही वाटू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी टीबी आधी धरला यात नवल नाही, कडेने चमकणारी गाठ म्हणजे टीबी, सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी), ट्यूमर, गळू अशी लांबलचक यादी आणि त्यात हा अगदी तळाशी.

बॅलॅमुथिया मुळात सापडला १९८६ साली, सॅन डिएगोच्या प्राणी उद्यानात मेलेल्या मँड्रिल जातीच्या माकडाच्या मेंदूत, म्हणून नाव बॅलॅमुथिया मँड्रिलॅरिस. १९९३ साली गोविंद विश्वेश्वरा आणि सहकाऱ्यांनी त्याला रीतसर नाव दिलं, ते मूळ भारतातले, अमेरिकेच्या सीडीसीत (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) आयुष्यभर याच अमीबांवर काम केलेले. हा मातीत राहतो, धडधाकट माणसालाही होतो. अकँथअमीबा मात्र मेंदूत जातो तो बहुतेकदा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांच्या (त्याच्यामुळे काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्याला होतो तो आजार वेगळा, तो धडधाकटांनाही होतो).

या दोघांचं निदान सीएसएफच्या थेंबात क्वचितच होतं. अमीबा पाण्यात नसतात, मेंदूच्या पेशीजालात रक्तवाहिन्यांभोवती दबा धरून असतात. शिवाय मेंदूत गाठ असून दाब वाढलेला असेल तर पाठीतून पाणी काढणंच धोक्याचं. म्हणून बायोप्सी. आणि बायोप्सीतही चकवतात, कारण नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये ते मॅक्रोफेजसारखे, म्हणजे आपल्याच साफसफाई करणाऱ्या पेशींसारखे दिसतात. मी शोधतो तो केंद्रक : मधोमध एकच ठळक गोल ठिपका आणि भोवती मोकळं वलय, डोळ्यातल्या बाहुलीसारखा. मग दुहेरी-तिहेरी भिंतीचे कोश, म्हणजे अमीबा स्वतःभोवती कवच करून पडून राहतो ते रूप. मेंदूत कोश दिसले तर अकँथअमीबा किंवा बॅलॅमुथिया, नेग्लेरिया मेंदूत कोश करत नाही. दोघांतला फरक नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये, त्याला इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीने ओळखायची टेस्ट) किंवा पीसीआर लागतं.

स्टेरॉइडने आधी सूज उतरते म्हणून बरं वाटतं आणि प्रतिकार दबल्यामुळे अमीबाला मोकळं रान मिळतं. म्हणून गाठीचं कारण नक्की नसेल आणि टीबीच्या औषधांनी अपेक्षेसारखं उतरत नसेल तर बायोप्सी पुढे ढकलू नये असं माझं ठाम मत आहे, वाट बघण्यात आठवडे जातात. यात एक वाईट प्रकारही घडलाय, मेंदूच्या अशाच निदान न झालेल्या आजाराने गेलेल्यांचे अवयव दान झाले आणि २००९-१० मध्ये अमेरिकेत त्यातून अवयव मिळालेल्यांना बॅलॅमुथिया झाला.

---

पाऊलखुणा

धन्यवाद डॉक्टर. कुणीतरी सरळ उत्तर दिलं. आईला वाचून दाखवेन, तिला अजून वाटतं की आपण त्याला मळ्यात काम करू दिलं म्हणून झालं.

---

पॅराफिन

आईंना जरूर सांगा की मातीत काम सगळं जग करतं आणि त्यातल्या कुणाला हे व्हावं याला काही हिशेब नाही. त्यांचं काहीही चुकलेलं नाही.

---

दीपमाळ

मी मॉलिक्युलर लॅबमध्ये आहे, एक गैरसमज रोज बघते म्हणून लिहिते. हल्ली मेनिंजायटिसचे रेडीमेड पीसीआर पॅनल निघालेत, तासाभरात चौदा जंतूंचा निकाल, खूप उपयोगी आहेत. पण त्या चौदांत अमीबा नाहीत! पॅनल निगेटिव्ह म्हणजे ‘इन्फेक्शन नाही’ असं समजून लोक ऑटोइम्यूनकडे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारांकडे वळतात. निगेटिव्हचा अर्थ एवढाच की त्या चौदांपैकी कुणी सापडलं नाही.

अमीबासाठी वेगळं पीसीआर लागतं. २००६ साली सीडीसीने एकाच वेळी तिघांना शोधणारं रिअल टाइम पीसीआर मांडलं, सँपल टेबलावर आलं की काही तासांचं काम, वेळ जातो तो सँपल तिथवर पोचण्यात. म्हणून संशय आला की आधी फोन करून ठेवा, कुठली लॅब करते, कसं पाठवायचं, रात्री कोण घेईल.

कल्चरही होतं, पोषण नसलेल्या आगरवर (जंतू वाढवायच्या प्लेटमधली जेली) ई. कोलायचा पातळ थर द्यायचा आणि सीएसएफ टाकायचं, अमीबा बॅक्टेरिया खात पुढे जातात आणि त्यांच्या वाटा प्लेटवर उमटतात. नेग्लेरिया ४२ अंशांतही वाढतो. बॅलॅमुथिया मात्र या प्लेटवर येतच नाही, त्याला प्राण्यांच्या पेशी लागतात आणि आठवडे लागतात, म्हणजे प्लेट कोरी आली तरी तो नाकारता येत नाही.

आणि काहीच सुचत नसेल तेव्हा मेटाजिनोमिक सीक्वेन्सिंग, सँपलमधला सगळाच डीएनए वाचून काढायचा, आधी कुणावर संशय घ्यायला लागत नाही. बॅलॅमुथियाच्या काही केसेस याने पकडल्यात. नायट्रॉक्सोलिन हे लघवीच्या इन्फेक्शनचं जुनं औषध बॅलॅमुथियावर चालतं हे लॅबमध्ये २०१८ साली दिसलं आणि ते दिलेला एक रोगी वाचल्याचं २०२३ मध्ये छापून आलं. म्हणजे नाव कळलं तर आता थोडं तरी हातात आहे.

---

निळंपाणी

मी रोज जलनेती करतो, नळाचं पाणी कोमट करून. बंद करू का?

---

रात्रपाळी

बंद नको, पाणी बदला. २०११ साली लुइझियानात दोघे जण नळाच्या पाण्याने नाक धुऊन याच आजाराने गेले. नुसतं कोमट करून भागत नाही, खळखळ उकळी फुटू द्या, निदान एक मिनिट, मग झाकून गार करा. किंवा डिस्टिल्ड, स्टराइल पाणी. भांडंही स्वच्छ आणि कोरडं. तेच नळाचं पाणी प्यायला चालतं, वर नाकात चालत नाही.

---

घरटं

सगळ्यांना कळवायचं राहिलं. मुलाला दाखवून आणलं, डॉक्टरांनी मान वाकवून बघितली, घसा बघितला, व्हायरल आहे म्हणाले, आज ताप उतरला आणि सकाळी उठून भूक लागली म्हणाला. पोहल्याचं सांगितलं तर त्यांनी लिहून घेतलं आणि काय दिसलं तर लगेच परत आणा म्हणाले. काचपट्टी ताई, एक विचारू का, तुम्ही पहिल्यांदा लिहिलेल्या त्या पोराचं नंतर काही कळलं का, अमीबाच होता का ते? आणि दुसऱ्याचं काय झालं, ज्याच्यात दिसले?

---

काचपट्टी

बरं वाटलं वाचून, घरटं. पुढचा आठवडाभर लक्ष ठेवा फक्त.

दुसरा मुलगा गेला, सहाव्या दिवशी. औषधं त्याच रात्री सुरू झाली होती, पण तो आमच्याकडे आला तेव्हाच चौथा दिवस होता. ती रेसिडेंट दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पोहलेल्या सगळ्या मुलांच्या घरी फोन लावत बसली होती, कुणाला डोकेदुखी आहे का विचारत. कुणालाच नव्हती. त्या तळ्यावर पाटी लागली.

पहिल्याचं कळलं नाही आणि आता कळणारही नाही. पोस्टमॉर्टेम झालं नाही, सीएसएफ उरलं नव्हतं, मी स्लाइड ठेवली नव्हती. ग्रॅम स्टेन झाला, रिपोर्ट गेला, स्लाइड टाकली, तेव्हा तसंच करायचो.

आता मी काय करते ते लिहिते, कुणी लॅबवालं वाचत असेल तर. सीएसएफ गढूळ असो नसो, पेशी जास्त आणि ग्रॅम स्टेन कोरा असेल तर मी कुणी न सांगता वेट माउंट लावते. ट्यूब आधी हलक्या हाताने हलवते कारण अमीबा काचेला चिकटून बसतात. सेंट्रिफ्यूज केलंच तर अगदी सावकाश. स्लाइड जरा कोमट करून घेते. दहा मिनिटं बघते, शेजारी फोन वाजला तरी. संशयास्पद काही दिसलं तर थोडं सीएसएफ डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून ३७ अंशांवर ठेवते, नेग्लेरिया असेल तर काही तासांत त्याला दोन शेपट्या फुटतात आणि तो लांबट होऊन गरगर पोहायला लागतो. शेपट्या नाही फुटल्या तरी नेग्लेरिया नाही असं म्हणत नाही. आणि पीसीआरसाठी वेगळा भाग काढून ठेवते, तो तेवढा फ्रिजमध्ये.

आमच्या फ्रिजच्या दारावर मी एक कागद चिकटवलाय, ‘सीएसएफची मूळ ट्यूब आत ठेवू नये, आधी मला हाक मारा’. त्याखाली माझा नंबर. कागद पिवळा पडला की बदलते, आतापर्यंत चार वेळा बदललाय. रात्री-अपरात्री फोन येतात, बहुतेक वेळा स्लाइडवर काही हलत नाही.